वजन खूप जास्त असेल तर चालायची ताकद नीट कशी मोजायची

सहा मिनिटांची वॉक टेस्ट, म्हणजे सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजायचं, सगळ्यांना माहितीये, कॉरिडॉर, दोन टोकांना दोन कोन (प्लॅस्टिकचे शंकू), स्टॉपवॉच, झालं. पण पेशंटचं वजन १३०-१४० किलोच्या पुढे गेलं की तीच टेस्ट तशीच्या तशी घेऊन भागत नाही. म्हणजे घेता येते, आकडाही येतो, पण तो घेऊन करायचं काय हे कोणालाच सांगता येत नाही. ३८० मीटर आले, बरं मग? दम लागून थांबला, का गुडघा दुखला, का मांड्या घासून आग व्हायला लागली, का आजूबाजूचे बघतायत म्हणून अंग चोरून चालला? चौघांचेही ३८० येतील आणि चौघांना पुढे लागणारी मदत पूर्ण वेगळी. म्हणून मीटर तर मोजायचेच, पण खरं काम आहे माणूस कशामुळे थांबला ते पकडायचं. फिजिओ, नर्स, वेट लॉस क्लिनिकवाले, ट्रेनर, सगळ्यांना वापरता येईल असं लिहायचा प्रयत्न केलाय.

गंभीर लठ्ठपणा म्हणजे ढोबळमानाने बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ४० किंवा जास्त, किंवा ३५ च्या वर आणि सोबत डायबिटीस, बीपी, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) असलं काहीतरी. पण बीएमआयवरून माणूस किती चालेल हे कळत नाही हो. बीएमआय ४५ असलेला एकजण दिवसभर उभं राहून काम करतो आणि ३८ वालीला बाथरूमपर्यंत जायला भिंत धरावी लागते, असं सर्रास दिसतं.

आणि चालणं त्यांना का जड जातं हे आधी डोक्यात पक्कं करा, नाहीतर "आळशी आहे" हा शिक्का आपसूक बसतो. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लठ्ठ बायकांना त्यांच्या नेहमीच्या वेगाने चालायला लावून ऑक्सिजनचा वापर मोजला, तेव्हा त्या स्वतःच्या कमाल क्षमतेच्या सरासरी ५६ टक्के वापरत होत्या, नॉर्मल वजनाच्या बायका ३६ टक्के. म्हणजे आपल्याला जी साधी फेरी वाटते ती त्यांच्यासाठी बऱ्यापैकी व्यायाम असतो. त्यात पाय जास्त फाकवून टाकावे लागतात, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढतो, पावलं आखूड पडतात.

पहिलं काम, बोलून घ्या

टेस्टच्या आधी दहा मिनिटं नुसतं बोला, आणि बसून बोला, उभं ठेवून नाही. न थांबता किती चालता, म्हणजे मीटरमध्ये नको विचारू, ते कोणालाच सांगता येत नाही, घरातल्या घरात, गेटपर्यंत, कोपऱ्यापर्यंत असं विचारा. थांबता तेव्हा सगळ्यात आधी काय होतं? हा एक प्रश्न बाकीच्या दहा प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा आहे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, "धाप लागते", "कंबर धरते", "पोटऱ्या भरून येतात", जे असेल ते, तुमच्या मेडिकल भाषेत बदलू नका.

मग बाकीचं: गेल्या वर्षभरात पडलात का, रात्री सरळ झोपलं की गुदमरतं का, घोरता का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का, पायाला सूज आहे का, छातीत कधी दुखलं का. औषधं बघा. बीटा ब्लॉकर (नाडी हळू करणारं बीपी-हृदयाचं औषध) चालू असेल तर नाडी मुळातच दाबलेली असते, मग "हार्ट रेट फार वाढलाच नाही म्हणजे जोर लावला नाही" हा निष्कर्ष साफ चुकतो. इन्सुलिन किंवा शुगर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर शेवटचं खाणं कधी झालं ते विचारा आणि जवळ ग्लुकोज ठेवा.

डायबिटीस असेल तर बूट-मोजे काढून तळपाय बघाच. पोट मोठं असलं की माणसाला स्वतःचा तळवा वर्षानुवर्षं दिसलेला नसतो. बधिरपणा असेल आणि खाली जखम असेल तर चालवायच्या आधी ती जखम डॉक्टरांना दाखवायची.

दोन प्रश्न लोक लाजेने स्वतःहून सांगत नाहीत. एक, चालताना लघवी सुटते का (हे बायकांमध्ये खूप कॉमन आहे आणि त्यामुळे त्या मुद्दाम हळू चालतात), दुसरं, मांड्यांमध्ये किंवा पोटाच्या घडीखाली कातडी सोलवटते का. एकांतात विचारा, नातेवाईकांसमोर नको. "बऱ्याच जणांना हा त्रास असतो, तुम्हाला आहे का" अशा चालीवर विचारलं की लोक सांगतात.

कोणाला चालवायचंच नाही: गेल्या महिनाभरात हार्ट अटॅक आलेला किंवा अनस्टेबल अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून अचानक किंवा बसल्या बसल्याही छातीत दुखणं) झालेला माणूस, विषय संपला. बसलेल्या अवस्थेत नाडी १२० च्या वर, किंवा बीपी वरचं १८० च्या वर, खालचं १०० च्या वर, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सामान, आणि इथेच निम्मी गडबड होते

वजनकाटा. साधे काटे बऱ्याचदा १५० किलोलाच संपतात आणि त्यावर उभं राहिल्यावर एरर आला की समोरच्याचा चेहरा उतरतो, पुढची टेस्ट तिथेच बिघडली समजा. काट्याची आणि खुर्चीची कमाल क्षमता आधीच बघून ठेवा. खुर्ची रुंद, मजबूत, हातांच्या मध्ये माणूस अडकणार नाही अशी, आणि एक नाही, कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना एक एक, शक्य असेल तर मध्येही एक. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची अजिबात नको. बसायला जागा कुठेय हे दिसत असेल तर माणूस बिनधास्त चालतो, नाहीतर निम्मं लक्ष "मध्येच दम लागला तर बसू कुठे" यातच.

बीपीचा पट्टा. यावर थोडं जास्तच लिहितो कारण हा मुद्दा कायम दुर्लक्षित राहतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं, आणि त्या खोट्या आकड्यापायी तुम्ही चांगल्या माणसाची टेस्ट रद्द करता किंवा विनाकारण गोळी वाढते. टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोजा. २७ ते ३४ सेंमी असेल तर नेहमीचा पट्टा, ३५ ते ४४ असेल तर मोठा, ४५ ते ५२ असेल तर मांडीचा पट्टा. आतल्या फुग्याची लांबी घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी असा हिशोब आहे. काहींचा दंड वर जाड आणि कोपराकडे एकदम निमुळता असतो, त्यावर कुठलाच पट्टा धड बसत नाही, मग मनगटाच्या वर, पुढच्या हातावर मोजावं लागतं. तसं मोजलं तर तसं लिहा आणि पुढच्या वेळीही तिथेच मोजा, दोन जागांच्या आकड्यांची तुलना करत बसू नका.

बाकी सामान साधं: सपाट सरळ ३० मीटरचा कॉरिडॉर, दोन कोन, जमिनीवर दर ३ मीटरला खूण, स्टॉपवॉच, फेऱ्या मोजायला काउंटर, पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र (नेलपॉलिश पुसा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा), आणि बोर्ग स्केल, म्हणजे पेशंटने आपला दम-थकवा आकड्यात सांगायची पट्टी, मोठ्या अक्षरात छापलेली. ३० मीटर जागा नसेल तर १५-२० मध्ये करावं लागतं, पण लक्षात घ्या, जागा जितकी लहान तितकी वळणं जास्त, आणि जड शरीराला वळताना वेग मारावा लागतो, परत उचलावा लागतो, त्यामुळे अंतर कमी येतं. चालेल, फक्त पुढच्या वेळी पण तोच कॉरिडॉर. ट्रेडमिलवर घेतलेल्या सहा मिनिटांचा आकडा याच्याशी लावू नका, ती वेगळी टेस्ट आहे आणि मशीनची वजनाची मर्यादा असते ते वेगळंच.

आणि पडला तर काय, हे आधी ठरवा. १५० किलोच्या माणसाला जमिनीवरून एकट्याने उचलता येत नाही, दोघांनीही नाही, उचलायला गेलात तर तुमची कंबर जाईल आणि त्यालाही लागेल. कोणाला हाक मारायची, लिफ्टिंग होइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) कुठेय, मधल्या वेळात उशी-चादर कुठून आणायची हे टेस्टच्या आधी माहीत पाहिजे.

प्रत्यक्ष टेस्ट

दहा मिनिटं खुर्चीत शांत बसवा. नाडी, ऑक्सिजन, बीपी घ्या. उभं करून बोर्ग स्केल दाखवा, ० ते १० वालं मला बरं वाटतं, ६ ते २० वालं पण चालतं, पण एकदा धरलं की तेच धरून ठेवा. इथे एक बदल करा: नेहमी दम आणि थकवा असे दोन आकडे विचारतात, तुम्ही तीन विचारा, दम किती, पायांचा थकवा किती, आणि दुखणं किती आणि कुठे. दुखण्याचा आकडा वेगळा घेतला नाही ना, तर पेशंट गुडघ्याचं दुखणं "थकवा" मध्ये टाकून देतो.

सूचना साध्या द्या. सहा मिनिटांत जमेल तितकं जास्तीत जास्त अंतर चालायचं, पळायचं नाही, हळू केलं तरी चालेल, थांबलं तरी चालेल, टेकलं बसलं तरी चालेल, पण घड्याळ चालूच राहणार आणि बरं वाटलं की परत सुरू करायचं. एक फेरी स्वतः चालून दाखवा. काठी किंवा वॉकर रोज वापरत असतील तर तो घेऊनच, उगाच हिरोगिरी नको.

चालताना तुम्ही बाजूने चालू नका. बाजूला चाललात की तो तुमच्या वेगाने चालायला लागतो. पडण्याची भीती असेल तर अर्धं पाऊल मागे राहा, नजरेआड. दर मिनिटाला एकच ठरलेलं वाक्य, त्याच सुरात: "छान चाललंय, पाच मिनिटं राहिली", पुढे "असंच चालू ठेवा, चार राहिली" असं. मधे मधे "चला चला, अजून जोर लावा" नाही. मला माहितीये, हे कंटाळवाणं वाटतं आणि माणुसकीला धरून वाटत नाही, पण जोरात चिअर केलं की अंतर वाढतं, आणि तीन महिन्यांनी टेस्ट घेणारा दुसराच कोणी शांत माणूस असला तर पेशंट बिघडला असं दिसतं.

ऑक्सिजन पूर्ण वेळ बघत राहा, फक्त शेवटी नाही. सगळ्यात खाली कधी आणि किती गेला ते लिहायचं, कारण थांबल्यावर काही सेकंदात तो वर यायला लागतो आणि तुम्ही आकडा लिहीपर्यंत सगळं छान दिसतं. ८० टक्क्यांच्या खाली गेला तर थांबवा. छातीत दुखणं, सहन न होणारा दम, पायात गोळे येणं, झोकांड्या, दरदरून गार घाम, चेहरा पांढरा पडणं, यातलं काहीही झालं की थांबवा, बसवा, डॉक्टरांना हाक मारा. आता यात अडचण अशी की वजन जास्त असलेल्या माणसाला घाम तसाही भरपूर येतो. म्हणून नुसता घाम बघून घाबरू नका, घामासोबत चेहऱ्याचा रंग आणि बोलणं बघा, वाक्य पूर्ण करतोय का ते बघा.

आणि नजर पायांवर ठेवा. कितव्या मिनिटाला वेग पडला, लंगडायला कधी लागला, हात कंबरेवर कधी गेले, भिंतीला कधी टेकला. मी प्रत्येक मिनिटाला किती मीटर झाले त्याची खूण करतो. पहिल्या मिनिटाला ८० आणि सहाव्याला ४५ असा उतरता आलेख एक गोष्ट सांगतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट ६० दुसरीच. सपाट आणि दम-थकवा-दुखणं तिन्ही आकडे कमी असतील, तर बहुतेक भीती, लाज, किंवा सूचना नीट समजल्या नाहीत.

सहा मिनिटं झाली की जागच्या जागी थांबवा, खुर्ची त्याच्याकडे न्या, त्याला खुर्चीकडे चालवू नका. लगेच तीन आकडे, नाडी, ऑक्सिजन, मग एका मिनिटाने परत नाडी. आणि तो प्रश्न: "अजून लांब जायला कशाने अडवलं?" उत्तर यायच्या आत तुम्ही पर्याय सुचवू नका.

दुसऱ्यांदा घ्यायची का

घ्यायची. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी या फुप्फुसतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१४ च्या नियमांत दोन टेस्ट सांगितल्यात कारण दुसऱ्यांदा माणूस सरावतो आणि जास्त चालतो. मध्ये निदान अर्धा तास, आणि नाडी-ऑक्सिजन मूळ जागी आल्याशिवाय नाही. जास्त आलेलं अंतर धरायचं. पण गुडघा सुजलाय, कातडी सोलवटलीये, तर त्याच दिवशी हट्ट नको, दुसऱ्या दिवशी घ्या, किंवा एकच झाली असं स्पष्ट लिहा.

आकड्याचा अर्थ लावताना

इथे एक खड्डा आहे. माणूस अपेक्षित अंतराच्या किती टक्के चालला ते काढायला एनराइट आणि शेरिल या संशोधकांनी १९९८ साली दिलेली सूत्रं खूप वापरली जातात. पुरुषांसाठी: (७.५७ × उंची सेंमी) − (५.०२ × वय) − (१.७६ × वजन किलो) − ३०९. बायकांसाठी: (२.११ × उंची) − (२.२९ × वजन) − (५.७८ × वय) + ६६७. आता बघा, वजन सूत्रातच आहे. ४५ वर्षांचा, १७० सेंमी उंचीचा, १४० किलोचा माणूस घ्या, सूत्र म्हणतं त्याने साधारण ५०६ मीटर चालावं. तो ४३० चालला. म्हणजे ८५ टक्के, रिपोर्टवर ठीकठाक. पण त्याच माणसाचं वजन ७० धरलं तर अपेक्षा होते ६२९ मीटर आणि ४३० म्हणजे फक्त ६८ टक्के. म्हणजे ज्या कारणाने तो कमी चालतोय तेच कारण सूत्राने माफ करून टाकलं! शिवाय ही सूत्रं ४० ते ८० वयाच्या निरोगी लोकांवरून काढलेली आहेत, २८ वर्षांच्या मुलीला लावायची नाहीत. टक्केवारी द्यायचीच असेल तर कुठलं वजन धरलं ते लिहा. माझं स्पष्ट मत, या पेशंटमध्ये टक्क्यांपेक्षा त्याच माणसाचा जुना आकडा जास्त कामाचा.

दुसरी गोष्ट, अंतर गुणिले वजन, म्हणजे केलेलं काम, पण काढून ठेवा. समजा वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या आधी १३८ किलो आणि ३९० मीटर, म्हणजे ५३,८२०. नंतर १०४ किलो आणि ४५० मीटर, म्हणजे ४६,८००. अंतर ६० मीटरने वाढलं म्हणून सगळे खूश, पण केलेलं काम कमी झालंय. गाडीवरचं ओझं उतरलं, इंजिन काही मोठं झालं नाही. वजन झपाट्याने उतरताना चरबीसोबत स्नायूही जातात, आणि असा आकडा दिसला की ताकदीच्या व्यायामाचं आणि प्रोटीनचं बोलणं लगेच काढायचं, सहा महिने थांबायचं नाही.

किती मीटर वाढले म्हणजे खरंच वाढले? फुप्फुसाच्या पेशंटमध्ये ३० मीटरच्या आसपास धरतात, तोच आकडा इथे उचलून लावतात. पण २००८ साली लठ्ठपणाच्या पेशंटवर झालेल्या स्वीडिश अभ्यासात, एकट्या माणसाबद्दल खात्रीने "सुधारला" म्हणायला निदान ८० मीटर वाढ लागते असं निघालं. म्हणजे वरच्या उदाहरणातले ६० मीटर एकटे पुरेसे नाहीत, बाकीचं चित्र बघूनच बोलावं लागेल.

सहा मिनिटं जमणारच नसतील तर

जबरदस्ती नको. दोन मिनिटांची टेस्ट घ्या, बाकी नियम तेच. किंवा १० मीटर चालायचा वेग: आधी आणि नंतर २-२ मीटर मोकळे सोडून मधल्या १० मीटरला लागलेले सेकंद मोजा, एकदा नेहमीच्या वेगाने, एकदा जमेल तितक्या जोरात. दोन्हीत फरकच नसेल तर माणूस रोजच आपल्या मर्यादेवर चालतोय.

खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन वळून परत बसायची टेस्ट पण चांगली, खुर्ची साधारण ४६ सेंमी उंच. फक्त किती सेकंद म्हणजे पडण्याचा धोका हे आकडे मुख्यतः म्हाताऱ्या लोकांवरून आलेत, पस्तिशीतल्या पेशंटला डोळे झाकून लावू नका. कुठे वेळ गेला ते बघा, उठण्यात, वळण्यात, की बसण्यात. ३० सेकंदात किती वेळा उठतो ती टेस्ट हात छातीवर बांधून करायची असते, पण पोट मांडीवर टेकतं आणि पुढे झुकताच येत नाही, मग पाय कितीही मजबूत असले तरी उठता येत नाही. हात टेकवून करू द्या, तसं लिहा.

उलट बाजूला, तरुण आणि सहज ५५०-६०० मीटर चालणारा पेशंट असेल तर सहा मिनिटांत त्याची मर्यादा दिसतच नाही. त्याला शटल वॉक टेस्ट द्या, म्हणजे दोन कोनांमध्ये ये-जा करायची आणि बीपच्या आवाजाबरोबर वेग वाढवत न्यायचा.

घरचं चालणं

क्लिनिकमध्ये काय जमतं आणि घरी रोज काय होतं हे वेगळं. आठवडाभर पावलं मोजायला सांगा, पण कमरेला लावायचं स्प्रिंगवालं पेडोमीटर देऊ नका, मोठ्या पोटामुळे ते तिरकं होतं आणि पावलं गाळतं, सावकाश चालणाऱ्याची तर आणखी. घोट्याला बांधायचं मिळालं तर उत्तम. ते मिळालं की आधी समोर १०० पावलं चालवून, स्वतः मोजून ताडून बघा.

मग रिपोर्ट

चार-पाच ओळी पुरतात, पण "कशाने अडवलं" ही ओळ सगळ्यात वर. हे बनवलेलं उदाहरण बघा: "उजव्या गुडघ्याच्या दुखण्याने अडवलं, चौथ्या मिनिटापासून लंगडणं. ३८४ मीटर, २५ मीटर कॉरिडॉर, काठीशिवाय, दोनपैकी चांगली टेस्ट. एकदा थांबल्या, २० सेकंद. दम ३, पाय ४, दुखणं ७. ऑक्सिजन सर्वात कमी ९४. वजन १३२, काम ५०,६८८. बीपी मोठ्या पट्ट्याने, उजवा दंड." हे वाचणाऱ्याला लगेच कळतं की या बाईंना "रोज अर्धा तास चाला" सांगणं फुकट आहे, आधी गुडघ्याचं बघा, तोवर सायकल किंवा पाण्यातला व्यायाम द्या. तेच ३८४ मीटर, पण दम ८, दुखणं १, ऑक्सिजन ८५ असतं तर फुप्फुस, हृदय आणि झोपेची तपासणी आधी. कातडी सोलवटणं हे कारण असेल तर मांड्या झाकणारी घट्ट चड्डी आणि मलम एवढ्यावर पुढच्या वेळी अंतर वाढू शकतं. आणि लघवीचं कारण असेल तर पेल्व्हिक फ्लोअरचे (लघवी धरून ठेवणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) व्यायाम, टेस्टच्या आधी बाथरूमला जाऊ देणं, आणि पॅड.

परत कधी घ्यायची? उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षाने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, तेच बूट, तोच कॉरिडॉर, औषध घेऊन किती वेळ झाला तेही सारखं.